शीत तेवढंच राहिलं, शेत गेलं

फोंडा तालुक्यातल्या एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझं वय ४१. घरी सासूबाई, यजमान आणि सातवीतला मुलगा. शाळेतल्या तपासणीत मुलाचं वजन ५८ किलो भरलं आणि कार्डावर 'वजन जास्त' असा शेरा आला. यजमान कुंडईला कारखान्यात पाळीवर जातात, त्यांचं वजन ८४ किलो. गेल्या महिन्यात त्यांना साखर निघाली. आमच्या घरात आजही शीत (भात), हुमण (नारळ वाटून केलेली आमटी) आणि नुस्तं (मासे) हेच जेवण. सासूबाई जन्मभर तेच जेवल्या, ७४ व्या वर्षीही सडसडीत आहेत. मग आम्हालाच काय झालं? भात बंद करू का? नारळ कमी करू का? यजमानांचे एक मित्र वजन उतरवायचं इंजेक्शन घेतात, ते चालेल का?"

तुमचा प्रश्न वाचताना सगळ्यात आधी डोळ्यांसमोर आला तो तुमच्या सासूबाईंचा दिवस. मी गोव्यात सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस करते, पहिली काही वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांत काढली. त्या पिढीच्या कितीतरी बायका माझ्यासमोर बसून आपला दिवस सांगून गेल्या आहेत. पहाटे उठून बांयचं, म्हणजे विहिरीचं पाणी काढायचं, अंगण सारवायचं, गोठा बघायचा. पावसाळ्यात सरद शेतीची लावणी, म्हणजे गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून. नंतर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती. साडेदहाला बांधावर बसून पेज, सोबत खारवलेली कैरी नाहीतर भाजलेला सुका बांगडा. दुपारी रगड्यावर नारळ-मिरची वाटून केलेलं हुमण आणि शीत. संध्याकाळी डोक्यावर लाकडाची मोळी. रात्री पुन्हा शीत. म्हणजे दिवसातून तीनदा भात, आणि तोही आजच्यापेक्षा जास्तच. त्या भाताचं काय होई? संध्याकाळपर्यंत तो खर्ची पडलेला असे.

आता तुमच्या घरातलं बघा. नळ आला, गॅस आला, मिक्सर आला, शेताच्या तुकड्यावर घर झालं किंवा ते पडीक राहिलं. हे सगळं चांगलंच झालं. कुठल्या सुनेने पुन्हा रगडा ओढावा असं मी म्हणणार नाही. पण शरीराचा हिशेब सरळ आहे. रोजच्या कामातून तीन-चारशे कॅलरी सहज कमी झाल्या आणि शीत होतं तेवढंच राहिलं. शीत राहिलं, शेत गेलं. गोव्यातलं वजन वाढण्याचं पहिलं कारण मला विचाराल तर हे आहे. दुसरं कारण जेवणाच्या ताटाबाहेर आहे. त्याकडे येतेच.

आधी हा प्रश्न तुमच्या घरापुरता नाही हे सांगते, कारण शाळेचं कार्ड आल्यावर आई स्वतःला दोषी समजते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३६.१ टक्के जणींचं वजन प्रमाणाबाहेर होतं. देशाचा आकडा २४ टक्के. गोव्यातले पुरुष ३२.६ टक्के, देशात सुमारे २३. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत गोव्याच्या बायका ३३.५ टक्क्यांवर होत्या आणि पुरुष ३२.७ वर. म्हणजे पुरुष होते तिथेच थांबले आणि बायका पुढे गेल्या. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी मला त्याच्याकडे परत यायचंय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं: २६.४ टक्के. देशात ११.४. प्रौढांमध्ये दर चौघांत एकाला साखर. तुमच्या वाड्यावर चार घरं मोजा, कळेल.

यातही एक मेख आहे. कुटुंब आरोग्य पाहणीत जाडपणाची रेघ बीएमआय २५ वर आखलेली आहे. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. आपल्या लोकांसाठी डॉक्टर २३ पासूनच सावध होतात आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. कारण आपली ठेवणच वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आला होता. दोघेही शास्त्रज्ञ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही बारीक. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काड्यांसारखे आणि पोट पुढे, ही ठेवण घरोघरी दिसते. ती पोटातली चरबी, यकृताभोवतीची आणि आतड्यांभोवतीची, हीच साखर वाढवते. म्हणून मी काट्यापेक्षा टेपवर जास्त भरवसा ठेवते. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यायचं. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत. शिंप्याची टेप पुरते.

आता भात. बंद करू नका. भात बंद केलेलं गोंयकार घर मी तीन आठवड्यांपुढे टिकलेलं पाहिलेलं नाही. चौथ्या आठवड्यात माणूस दुप्पट भात घेऊन बसतो आणि "आपल्याकडून होत नाही" म्हणून सगळंच सोडून देतो. भाताचं माप ठरवा आणि जात बदला. उकडे तांदूळ घरात परत आणा. सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा उकड्या तांदळाचा भात साखर जरा सावकाश वाढवतो आणि चावून खावा लागतो म्हणून पोटही लवकर भरतं. माप वाटीने घ्या. बैठं काम असलेल्या मोठ्या माणसाला दुपारी दीड वाटी शिजलेला भात पुष्कळ झाला, रात्री एक. आणि ताटाचा क्रम बदला: आधी तांबडी भाजी किंवा मूग-अळसांद्याचं तोणाक (कडधान्याची रस्साभाजी), मग नुस्तं, भात शेवटी. माझ्याकडच्या ज्या घरांनी एवढंच केलं, त्यांची जेवणानंतरची साखर उतरलेली मी रिपोर्टवर बघितली आहे.

नारळाला उगाच बदनाम केलंय. पाच माणसांच्या हुमणाला अर्धा नारळ लागतो. त्याच्या कॅलरी पाचांत वाटल्या तर माणशी ऐंशी-नव्वदच्या आसपास. खरा खर्च तव्यावर आहे. रव्यात घोळवून तळलेला बांगडा किती तेल पितो ते बघायचं असेल तर तळण्याआधी तेल मापून घ्या आणि नंतर उरलेलं मापा. घरात महिन्याला तेल किती येतं ते किराणाच्या बिलावर पाहा. चौघांच्या घरात चार लिटर येत असेल तर माणशी दिवसाला तीस ग्रॅम तेल झालं, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी फक्त तेलाच्या. ते दोन लिटरवर आणता येतं. मी माझ्या घरी आणलंय, सहा महिने लागले. नुस्तं हुमणात किंवा सुक्यात करा, तळणं रविवारी. बांगडे-तारले यांच्याएवढं स्वस्त आणि चांगलं प्रथिन दुसरं नाही. शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम. ते कमी करायचं नाहीच.

आता ताटाबाहेरचं.

माझ्याकडे येणारी दर दुसरी बाई मला सांगते, "दोतोर, हांव कितेंच खायना, तरी वजन वाडटा." (डॉक्टर, मी काहीच खात नाही, तरी वजन वाढतं.) ती खोटं बोलत नसते. ती जेवण तेवढंच खाणं समजते. मी तिला एक छोटी वही देते आणि तीन दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहायला सांगते. एकीच्या वहीतलं पान मला अजून आठवतं. सकाळी पोदेराचे (पाववाल्याचे) दोन पाव आणि पातळ भाजी, सोबत मिरची भजी. दहाला चहा, दोन बिस्किटं. जेवण: "थोडं शीत". साडेचारला चहा, बेकरीतलं पॅटिस, कारण मुलगा ट्यूशनहून आला आणि त्याच्यासाठी आणलं. साडेसहाला शेजारणीकडे गेल्यावर चहा आणि फरसाण. रात्री "जेवले नाही", पण मुलाच्या ताटातलं उरलेलं चिकन आणि अर्धी चपाती. पानाच्या कडेला तिने स्वतःच लिहिलं होतं: साखर, दोन चमचे, पाच वेळा. एक चमचा पाच ग्रॅम. पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी, नुसत्या चहातून. तिच्या "थोड्या शीता" त सुद्धा एवढ्या नव्हत्या.

साडेदहाची पेज गेली आणि तिच्या जागी बिस्किट आलं, बेकरीचं पॅटिस आलं, रात्री गाड्यावरचं रोस ऑम्लेट आणि चायनीज आलं. गोव्यात बेकरी हाताच्या अंतरावर आहे, गाडा नाक्यावर आहे, स्कूटर दारात आहे आणि बार देवळाच्या वाटेवरही आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी धरली गेली. आपण ज्याला गाव म्हणतो तिथेही खाणं शहराचंच पोचलंय. भाजी मात्र अजून बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने येते आणि पाऊस लागला की महाग होते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर ती जरा स्वस्त मिळते, तिथून घेत चला. तांबडी भाजी, मुळा, अळसांदे, कुळीथ, नीरफणस हे आपल्याच मातीतलं आहे. आणि नाचणीचं तिजान, म्हणजे गोड लापशी! लहानपणी प्रत्येकाला दिलेलं असतं, मोठेपणी विसरलेलं. गूळ निम्मा करून संध्याकाळी साडेचारला ते द्या, पॅटिस आपोआप मागे पडेल. पावाऐवजी कुंड्याची पोळी घ्या, पण पोदेराला विचारून. पुष्कळ ठिकाणी आता मैद्यावर वरून कोंडा भुरभुरवलेला असतो.

चवथीच्या नेवऱ्या, पातोळ्यो, जत्रेतलं खाजं, शिगम्यातलं गोड, नाताळात शेजारून आलेला दोदोल, यांना मी कधीच मनाई करत नाही. सण खावेत. वजन वाढतं ते सणांच्या मधल्या दिवसांत.

यजमानांविषयी. पाळीचं काम वजनाला वाईटच. रात्रपाळीत दोन वाजता कँटीनमध्ये वडा-पाव, सकाळी घरी येऊन नाश्ता, मग झोप, दुपारी उठून जेवण. शरीराला रात्र कुठली आणि दिवस कुठला हे कळत नाही, झोप अपुरी, भूक वाढलेली. रात्रपाळीला घरून डबा द्या: एक चपाती, कडधान्य, दोन उकडलेली अंडी. पहाटेनंतर कोरा चहा. आणि शनिवारी संध्याकाळी काय होतं ते त्यांना प्रेमाने विचारा. एका मोठ्या बिअरच्या बाटलीत अडीचशेच्या वर कॅलरी, साठ मिलिलिटर फेणीत सुमारे एकशेचाळीस, आणि त्याबरोबर येतात तळलेली सुंगटां (कोळंबी), चिली फ्राय, शेंगदाणे. दारूच्या कॅलरी लोक मोजतच नाहीत, कारण ते जेवण वाटत नाही. यकृतात चरबी साठायला हा सगळ्यात जवळचा रस्ता. ते घोरतात का? मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतात का? तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

साखर नुकतीच निघाली आहे, हे यातलं चांगलं. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात सहा वर्षांच्या आत मधुमेह झालेल्या माणसांचं वजन देखरेखीखाली उतरवलं. वर्षभराने त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची साखर औषधांशिवाय आटोक्यात होती, आणि ज्यांचं पंधरा किलोच्या वर उतरलं त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त. यजमानांनी ८४ वरून ७८ वर येणं हे पहिलं उद्दिष्ट ठेवावं. त्याने रक्तदाब, साखर, गुडघे सगळ्यांना उसंत मिळते. मात्र आपल्या मनाने गोळी सोडायची नाही. साखर उतरू लागली की डॉक्टर गोळी कमी करतात, हा क्रम. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांनी नुसतं चालणं आणि खाणं सुधारलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटलं होतं. हे मी दिरांना, नणंदांना दाखवण्यासाठी सांगतेय. घरात एकाला साखर निघाली की सगळ्या भावंडांनी तपासून घ्यावं.

इंजेक्शनचं विचारलंत. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं आणि तेव्हापासून माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन जण तरी त्याबद्दल विचारतात. ती औषधं खरी आहेत. भूक खरोखर कमी होते, वजन खरोखर उतरतं, साखर असलेल्याला तर दुहेरी फायदा. मी माझ्या काही पेशंटना ती लिहून देते. पण मित्राला चाललं म्हणून घेण्यातलं ते औषध नाही. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होतं. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल किंवा घराण्यात थायरॉइडचा एक विशिष्ट कर्करोग असेल तर देत नाहीत. प्रथिनं आणि व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. आणि बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. यजमानांनी आधी तीन महिने खाणं, चालणं आणि साध्या गोळ्यांवर द्यावेत, मग त्यांच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवावं. औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नये.

आता मुलगा. तुम्ही वजन लिहिलंत, उंची लिहिली नाहीत. बारा वर्षांच्या मुलाच्या ५८ किलोला उंचीशिवाय काही अर्थ नाही. तो १६५ सेंटीमीटर असेल तर वेगळी गोष्ट, १४५ असेल तर वेगळी. मुलांचं बीएमआय वयाच्या तक्त्यावर बघावं लागतं, मोठ्यांची रेघ त्यांना लावत नाहीत. घरच्या घरी एक सोपी परीक्षा: कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का? असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

आणि मानेच्या मागच्या बाजूला बघा. तिथे मखमलीसारखा काळपट, जाडसर पट्टा आलाय का? काखेतही? एक आई मुलीची ती मान रोज बेसन आणि लिंबाने घासायची. मळ आहे समजून. पोरीची कातडी सोलवटली होती, आणि तिला शाळेत "काळी मान" म्हणून चिडवायचे म्हणून ती केस मोकळे सोडून बसायची. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन जास्त फिरू लागल्याची ती खूण असते. वजन उतरलं की पट्टा हळूहळू फिका होतो. घासल्याने काही होत नाही. त्या मुलीला मी सांगितलं तेव्हा ती रडली, मला वाटतं आपला दोष नाही हे कळल्यामुळे.

मुलाला "जाडो" म्हणायचं नाही. आजीने नाही, मामाने नाही, कौतुकानेही नाही. आणि त्याला डाएटवर टाकायचं नाही. वाढीचं वय आहे. वजन वर्षभर आहे तिथे राखलं आणि उंची वाढली की तो आपोआप बसतो. त्याच्यासाठी वेगळं शिजवू नका, घरात सगळ्यांचं एकच. थंड पेय घरात आणूच नका. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमच्यांच्या वर साखर असते. मधली सुट्टी, ट्यूशन आणि मोबाइल या तिघांच्या मध्ये त्याचा खेळ हरवलाय, तो शोधून द्यावा लागेल. रोज एक तास घाम येईल असा खेळ. रात्री नऊ तास झोप. अपुऱ्या झोपेने मुलांची भूक वाढते. थायरॉइड तपासू का, असं बहुतेक आया विचारतात. उंची नीट वाढत असेल तर वजनाचं कारण थायरॉइड क्वचितच असतं. साखर, यकृताची एसजीपीटी आणि कोलेस्टेरॉल तपासा.

शाळेविषयी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त तेल, साखर, मिठाचे पदार्थ शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. कँटीनच्या काचेमागे काय ठेवलंय ते पुढच्या पालक-शिक्षक सभेला जाताना बघा आणि हा नियम सभेत वाचून दाखवा. एकट्या आईने बोललं की "तुमच्या मुलाचं तुम्ही बघा" असं उत्तर मिळतं. चार आया बरोबर घ्या. माध्यान्ह आहार आपल्याकडे बचत गटांच्या बायका करतात, त्या ओळखीच्याच असतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्याबरोबर बसा. भाजीत कडधान्य वाढवणं त्यांच्या हातात आहे, पण त्यांना मिळणारे पैसे तुटपुंजे, तेही ग्रामसभेत बोलावं लागेल.

ग्रामसभा म्हटली, कारण मी आता उघडपणे एक म्हणते. माणसाच्या निर्धारावर सगळं टाकून आपण डॉक्टर मोकळे होतो, ते मला पटत नाही. मी वर्षानुवर्षं पेशंटला "रोज चाला" म्हणून चिठ्ठी दिली आहे. मग एकदा एका बाईबरोबर तिच्या रस्त्यावर मीच चालून पाहिलं. फूटपाथ नाही, एका बाजूला गटार, वळणावर ट्रक, कुत्र्यांचा कळप, साडेसहानंतर दिवा नाही. जून ते सप्टेंबर तर छत्री धरून उभंही राहवत नाही. ती चालली नाही यात तिची चूक नव्हती. गावातलं मैदान टुर्नामेंटला प्रकाशझोतात उजळतं आणि एरवी संध्याकाळी पाचला कुलूपबंद. रविवारी ग्रामसभा असेल तेव्हा हे विषय मांडायला हवेत: मैदान मुलांना आणि बायकांना ठरलेल्या वेळी खुलं, शाळेपर्यंतच्या रस्त्याला चालण्याची पट्टी, दिवे, आणि आरोग्य उपकेंद्रात टेप व काटा घेऊन महिन्यातून एक दिवस.

तोवर काय? फोंड्यात देवळं आहेत. देवळाचा प्राकार सपाट, झाडलेला, दिवे असलेला आणि गाड्यांशिवाय. पावसातही सभामंडपात पंधरा मिनिटं फेऱ्या होतात. माझ्याकडच्या तीन बायका रोज आरतीनंतर अर्धा तास फिरतात, त्यांतली एक आठ महिन्यांत सात किलो उतरली. दुसरं म्हणजे फुगडी. चवथीच्या आधी महिनाभर वाड्यावाड्यावर फुगडीचा सराव चालतो. एका सरावात मी घड्याळ लावून बघितलं: पंचेचाळीस मिनिटं, मध्ये दोनदाच थांबल्या, सगळ्यांना घाम, सगळ्या हसत. कुठल्या जिममध्ये पन्नाशीच्या बायका एवढ्या आनंदाने घाम गाळतात? तो सराव चवथीनंतर बंद का करायचा? वर्षभर आठवड्यातून तीनदा चालू ठेवा. धालो, म्हणजे बायकांचं अंगणातलं नाचगाणं, तेही आहेत.

आणि आता तो मागे ठेवलेला आकडा. दोन फेऱ्यांमध्ये गोव्याच्या पुरुषांचं प्रमाण हललं नाही, बायकांचं अडीच टक्क्यांहून जास्त वाढलं. दवाखान्यात मला त्याचं कारण रोज दिसतं. बाई नवऱ्याची फाइल घेऊन येते, सासूच्या गोळ्या घेऊन येते, मुलाचं कार्ड घेऊन येते. बाळंतपणानंतर चढलेले आठ-दहा किलो तसेच अंगावर राहतात, चाळिशीत पाळी डगमगू लागते आणि चरबी कमरेवर जमते, उरलेलं अन्न टाकवत नाही म्हणून ते तिच्या पोटात जातं. अशा पुष्कळ जणींच्या अंगात रक्तही कमी असतं. जाड आणि अशक्त, एकाच वेळी. तिला स्वतःला विचारायची वेळ येते तेव्हा गुडघे धरलेले असतात.

तुमच्या पत्रात यजमानांचं वजन आहे, मुलाचं आहे, सासूबाईंचं वय आहे. तुमचं वय सोडून तुमचं काहीच नाही. म्हणून सुरुवात तुमच्यापासून करा. उद्या सकाळी उपाशीपोटी शिलाईच्या डब्यातली टेप काढा, आधी स्वतःच्या कमरेचं माप घ्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहा. मग बाकीच्यांचं. त्याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या, तुमचाही. दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा माप. तीन महिन्यांनी चौघांचे आकडे आणि मुलाची उंची मला कळवा, पुढचं तेव्हा बघू.